रजई माझी नाही

साहेब, सोडतो दोऱ्या, पण मला सोडू द्या.
चाकू नको. रजई माझी नाही.

आत बॉनेट आहे. झिल ट्रकचं, निळं.
म्हणजे एके काळी निळं;
आता रुस्तावीच्या धुरानं
जेवढं ठेवलं तेवढंच.
एक मीटर चाळीस लांब, एक मीटर दहा रुंद.
कुरियरच्या पोरीनं टेप लावली,
एक मीटर वीसच्या पुढचं घेत नाही म्हणाली.
त्सिआलानं विचारलं, दुमडून आणलं तर?
पोरगी हसली नाही. त्सिआलाही नाही.
मग मालवाहतूकवाले: लाकडी खोका, चार दिवस,
दोनशे ऐंशी लारी.
बॉनेट एकशे वीसचं.
नाकापेक्षा मोती जड,
म्हणून माझ्या टपावर.

मी नोदार. मंगळवारी जातो, गुरुवारी येतो.
या टपावरून पाळणा गेलाय, आरसे गेलेत,
एका लग्नाचा ढोल गेलाय आणि फुटून परत आलाय.
ओळखता तुम्ही मला.

वाहन, की वाहनाचा भाग?
खूण कुठे करायची ते तुम्हीच सांगा, साहेब.
वाहन असतं तर त्यानं मला नेलं असतं.
अख्खा ट्रक आणला असता
तर हत्तीची जकात लावली असतीत;
हा नुसता कान आहे.

घेणारा ह्राच्या, अलावेर्दीचा.
मार्चात कड्यावरून दगड सुटला
आणि रस्ता एवढा मोठा असून
नेमका त्याच्या ट्रकच्या नाकावर.
इंजिन वाचलं.
ताडपत्री बांधून चालवतो,
वारा सुटला की थांबतो,
आणि देबेदच्या त्या खोऱ्यात वारा कधी सुटत नाही?
त्यानं फोटो मागवले: बिजागऱ्यांचा, कडांचा,
आतल्या बाजूचा.

आतली बाजू तुम्हीही बघा. धरा तिकडून.
हे ओरखडे नाहीत, आकडे आहेत,
खिळ्यानं कोरलेले.
काखेतीहून द्राक्षं आणायचा तिचा नवरा, गुराम,
दर ऑक्टोबरला किती खेपा, ते इथे.
एकोणऐंशी: बावीस. ऐंशी: एकोणीस.
ब्याण्णव सालासमोर नुसती रेघ.
खाली पुन्हा आकडे, पण हात बदललेला, थरथरता.
वही का नाही ठेवत, विचारलं तर म्हणायचा,
वही हरवते. बॉनेट कोण नेणार?

गुराम जाऊन अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून ट्रक अंगणात,
कोंबड्या इंजिनवर अंडी घालतात.
परवा आम्ही चौघांनी बॉनेट उचललं
तर खाली एक करडी कोंबडी बसलेली.
डोक्यावर एकदम एवढं आभाळ आलं,
तरी उठली नाही.
त्सिआला तिलाच रागावली.

किंमत? एकशे वीसच लिहा.
आत्ता बोटाच्या पेरानं वाजवलंत ना,
तसंच ह्राच्याही वाजवेल,
कान लावेल, आणि दहा लारी कमी करा म्हणेल.
मी नाही म्हणेन.
मग तो कॉफी ठेवेल.
नंतर रंग कुठला द्यायचा यावर
त्याच्या भावाशी भांडेल,
आणि आतून रंग द्यायचा की नाही
हे मला विचारू नका, मला माहीत नाही.
त्सिआलाला मी तसं काही बोललो नाहीये.

शिक्का मारलात? देव भलं करो.

पण साहेब, एक राहिलं.
बॉनेट जातंय ते राहायला.
रजई गुरुवारी परत यायचीय.
पैसे उशिरा आले तरी चालतील म्हणाली,
रजई नको उशिरा.
गुंडाळताना तिनं चारही कोपरे
असे आत खोचले,
जसे झोपलेल्या माणसाचे खोचतात.
जाताना ती वेष्टन, येताना ती माल,
आणि मधल्या दोन रात्री ती काय,
यासाठी तुमच्या कागदावर रकाना आहे का?

नसेल तर राहू द्या.
गुरुवारी ड्युटीवर कोण आहे,
तेवढं सांगा.